सहाव्या रात्रीचा कोरा कागद

वाचायला बसण्याआधी घरातली कागदपत्रांची पिशवी काढा. चेनची, प्लॅस्टिकची, कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवलेली असते ती. तुमचा जन्मदाखला त्यात असेल तर तो समोर ठेवा. नसेल तर शाळा सोडल्याचा दाखला चालेल. दोन्ही नसतील तर रिकामा तळहात समोर ठेवा. आज आपल्याला त्या रिकाम्या तळहाताजवळच जास्त वेळ बसायचं आहे.

घाई नाही. एकेक ओळ सावकाश वाचा. नाव. लिंग. जन्मतारीख. जन्मठिकाण. आईचं नाव. वडिलांचं नाव. नोंदणी क्रमांक. नोंदणी दिनांक. खाली गोल शिक्का, बहुतेक अर्धवट उमटलेला.

यातलं तुम्हाला स्वतःला काय आठवतं? काहीच नाही. तुम्ही तिथे होतात, पण तुमची साक्ष कुणी धरणार नाही. कोर्टाच्या भाषेत बोलायचं तर आपला जन्म ही आपल्यापुरती ऐकीव माहिती आहे. ती तुम्हाला कुणी सांगितली ते आठवा. आई म्हणाली असेल, त्या दिवशी असा पाऊस होता की वडिलांना एसटी मिळाली नाही. आजी म्हणाली असेल, पोळ्याच्या आदल्या दिवशी, पुरणाची डाळ शिजत होती. त्या आवाजापाशी जरा थांबा. तारीख नंतर आली. आधी डाळ होती, पाऊस होता, आणि सांगणारं माणूस होतं.

आता पाटा-वरवंटा डोळ्यांसमोर आणा. बाळ जन्मलं की पाचव्या-सहाव्या रात्री आपल्याकडे सटवाईची पूजा मांडतात. पाट्यावर हळदकुंकू, समोर दिवा, आणि बाजूला कोरा कागद नि लेखणी. घर झोपलं की सटवाई येते आणि बाळाच्या नशिबात काय आहे ते लिहून जाते. हे मी पूर्वी गंमत म्हणून ऐकायचो. अलीकडे त्या कोऱ्या कागदाचं नवल वाटतं. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या कुणाला अक्षर ठाऊक नव्हतं, त्या घरांतही मूल जन्मलं की कागद ठेवायचाच. लिहिणारी बाहेरून येणार आहे याची खात्री असायची.

तो कोरा कागद मनात ठेवा. आपण मुरबाडला जाऊ.

कल्याणहून एसटी निघते, शहाडचा पूल ओलांडते. म्हारळ, वरप, कांबा, मग रायत्याला उल्हास नदी. पुढे मुरबाड, आणि त्याही पुढे टोकावडे, वैशाखरे, माळशेजचा घाट. उत्तरेला शहापूर तालुका : किन्हवली, शेणवे, डोळखांब, आणि कसाऱ्यापर्यंत जाणारी लोकल. या दोन्ही तालुक्यांत गावापासून जरा सुटी, टेकाडाच्या अंगाला दहा-वीस झोपड्यांची कातकरीवाडी दिसते. खैराचा काथ काढणारे ते कातकरी. काथ गेला, खैर गेला, नाव राहिलं. महाराष्ट्रातल्या तीन जमातींना सरकारदरबारी विशेष असुरक्षित म्हणून वेगळं नोंदलेलं आहे : कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड.

दिवाळीनंतर या वाड्यांत गेलात तर बऱ्याच दारांना काटक्यांचा अडसर दिसेल. माणसं कुठे गेली विचारलं की शेजारी एका शब्दात सांगतील : ‘जगायला.’ ठाण्याच्या आदिवासी पट्ट्यात कामासाठी गाव सोडून जाण्याला हाच शब्द आहे. मुक्काम बदलतो, शब्द बदलत नाही. कुणी भिवंडीकडे, कुणी कल्याणच्या आसपास, कुणी पार वसईकडे. पावसाच्या तोंडाशी परत.

हा शब्द स्वतःशी एकदा हळू म्हणा. जगायला. म्हणजे घर हे जगण्याचं ठिकाण नव्हे. घरी फक्त परत यायचं.

आता एक बाई मनात आणा. नाव बुधी धरू. बुधवारी जन्मली म्हणून बुधी. सोम्या, मंगळ्या, बुध्या, शनवाऱ्या अशी नावं या भागात जुन्या पिढीत पुष्कळ सापडतात. म्हणजे जन्माची नोंद हाक मारली की ऐकू येते. वार बरोबर असतो. साल मात्र नावात मावत नाही.

बुधी गणपतीत घेतलेल्या आगाऊ उचलीपोटी नवऱ्याबरोबर वीटभट्टीवर आली आहे. पौषाचा महिना. पहाटे दोनला उठून चिखल तुडवायचा, साच्यात घालायचा, वीट पाडायची, ओळीत मांडायची. भाताच्या तुसाचा धूर घशाला लागतो. टाचांच्या भेगांत माती सुकून पांढरी झाली आहे. राहायला खोपटं आहे, त्याच्या भिंती म्हणजे एकावर एक नुसत्या रचलेल्या विटा. मधे चुना नाही, सिमेंट नाही. फटींतून वारा येतो. वर प्लॅस्टिक आणि पेंढा. दाराच्या बाजूची एक वीट मुद्दाम अर्धी बाहेर ओढलेली आहे. तिच्यावर दिवा आणि काड्यापेटी.

तिथे बुधीला मूल होतं. रात्री. शेजारच्या खोपटातली म्हातारी सुईण होते. सकाळी कुणीतरी म्हणतं, परवा म्हशाची जत्रा. म्हशाची जत्रा पौष पौर्णिमेला भरते, मुरबाड तालुक्यातली सगळ्यात मोठी. म्हणजे मुलगा पौर्णिमेच्या दोन दिवस आधीचा. ही तारीख इतकी पक्की आहे की पंचांग घेऊन बसलं तर दिवस काढता येईल. ती माहीत असलेली माणसं त्या सकाळी तिथे दहा-पंधरा तरी होती.

इथे थांबा. मूल जन्मलं आहे, ते रडतं आहे, दहा-पंधरा माणसांना दिवस ठाऊक आहे. अजून काय हवं?

हवं असं की जन्म जिथे झाला तिथल्याच निबंधकाकडे २१ दिवसांत खबर द्यायची. जन्म आणि मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ चा. गावात निबंधक म्हणजे ग्रामसेवक. दवाखान्यात बाळंतपण झालं तर खबर दवाखाना देतो. घरात झालं तर कुटुंबप्रमुखाने द्यायची. खोपटं हे घर, आणि बुधीचा नवरा कुटुंबप्रमुख. त्याच्या अंगावर उचल आहे, एक दिवस खाडा झाला की हिशेबात कापला जातो, भट्टी कुठल्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत आहे ते त्याला माहीत नाही. भट्टीचा रस्ता जिथे डांबरी होतो तिथपर्यंतच त्याचा भूगोल.

पाऊस येतो. भट्टी बंद होते. खोपटं मोडतात, आणि भिंतीच्या विटाही ट्रकमध्ये चढतात. त्या मुलाचं जन्मठिकाण आज कल्याण-डोंबिवलीतल्या कुठल्यातरी इमारतीच्या भिंतीत असेल, वर गिलावा आणि रंग. दाखल्यावरच्या ‘जन्मठिकाण’ या शब्दावर बोट ठेवा आणि ती भिंत पाहा.

सहा वर्षांनी शाळेचा प्रश्न येतो. मुरबाडकडचा ग्रामसेवक म्हणतो, जन्म इथे नाही झाला, तिकडून आणा. तिकडचा म्हणतो, तुम्ही इथले नाही, तुमच्या गावी विचारा. पहिल्याचं म्हणणं कायद्याला धरून आहे. दुसऱ्याचं नाही, पण तोही खोटं बोलत नाही. बुधी खरोखरच इथली नाही. आपल्याच जिल्ह्यात, दोन एसटी बदलून पोचता येईल अशा गावात ती परकी आहे.

परकी म्हटल्यावर म्हारळच्या अलीकडे बसच्या खिडकीतून पुन्हा बाहेर पाहा. रस्त्याच्या पलीकडे उल्हासनगर आहे. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर तिथल्या बराकींत सिंधमधून आलेले सुमारे लाखभर लोक राहायला आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी छावणीला उल्हासनगर हे नाव दिलं. पत्त्यात ‘कॅम्प नंबर’ अजून लिहितात, एक ते पाच. त्या लोकांच्या जन्मनोंदी सीमेपलीकडे राहिल्या होत्या. तरी राज्यघटनेच्या सहाव्या कलमाने त्यांच्यासाठी वाट ठेवली : १९ जुलै १९४८ च्या आधी येऊन इथे राहिलेला नागरिक, त्यानंतर आलेल्याने अर्ज करून नाव नोंदवावं, आणि स्वतः किंवा आईवडील, आजीआजोबांपैकी कुणी अखंड हिंदुस्थानात जन्मलेलं असावं. दाखल्याविना आलेल्या लोकांचा देशाने विचार केला होता, हे विसरू नका.

जगानेही तेव्हा हाच विचार केला. १९५१ च्या निर्वासितांविषयीच्या करारात २५ वं कलम आहे. ज्याला आपल्या देशाकडून कागद मिळू शकत नाही त्याला तो जिथे राहतो त्या देशाने ते द्यावेत, असं ते सांगतं. भारताने त्या करारावर सही केलेली नाही. पण कलमातलं शहाणपण समजायला सही लागत नाही. माणूस जिथे उभा आहे तिथल्या कचेरीच्या खिडकीने बोलावं, मागची खिडकी दाखवू नये.

बुधीच्या मुलासाठी ही मागची खिडकी तालुका बदलल्यावर सुरू होते. कधी जिल्हाच बदलतो. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर वेगळा झाला. वाड्यात, मोखाड्यात जन्मून शहापुरात लग्न होऊन आलेली बाई त्या दिवशी जागची न हलता परजिल्ह्यातली झाली. आणि मुरबाडकडे बारवीच्या पाण्याखाली गेलेल्या गावांतली माणसं आहेतच. त्यांच्या जुन्या दाखल्यांवर जे ठिकाण आहे तिथे आज जाळं टाकता येतं.

आता परत खिडकीपाशी. मूल वर्षापेक्षा मोठं झालं असेल तर नुसत्या खबरीने काम होत नाही. २१ ते ३० दिवसांत विलंबशुल्क. ३० दिवस ते वर्षभरात वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी. वर्षानंतर दंडाधिकाऱ्यांचा आदेश. पूर्वी त्यासाठी कोर्टात जावं लागे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर ते काम जिल्हाधिकारी, प्रांत किंवा त्यांनी नेमलेले कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडे आलं. जानेवारी २०२५ मध्ये राज्यात बनावट दाखल्यांवरून गदारोळ झाला आणि उशिराच्या नोंदींचं काम काही काळ थांबवलं गेलं. पुन्हा सुरू झालं ते कडक छाननीसह. खोटे दाखले शोधायलाच हवेत. पण गाळणी बारीक केली की आधी अडकतो तो जाडाभरडा दाणा, ज्याच्या हातात वकील नाही आणि एजंटला द्यायला पैसे नाहीत.

या सगळ्या वाटेवर पहिला कागद कोणता मिळतो, माहीत आहे? ‘जन्मनोंद उपलब्ध नाही’ असं सांगणारा दाखला. अर्जाला तो जोडावाच लागतो. बुधीच्या मुलाला सरकारकडून मिळालेला आयुष्यातला पहिला शिक्क्याचा कागद हा, की तू आमच्याकडे सापडत नाहीस. त्यावरही नाव असतं, आईचं असतं, बापाचं असतं, सही असते. तो कागद हातात धरून पाहा. वाचता येणाऱ्या आईने तो कुठे ठेवावा? कपाटात साड्यांखाली?

मुरबाड तालुक्याच्या कडेला नाणेघाट आहे. दोन हजार वर्षांपूर्वीची सातवाहनांची लेणी. आत राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते आणि प्रत्येकाच्या माथ्यावर त्याचं नाव कोरलं होतं. पुतळे केव्हाच फुटले. नावं शाबूत आहेत. वैशाखऱ्याहून चढून गेलेले लोक मोबाइलचा उजेड पाडून ती पाहतात, खाली नुसती रिकामी जागा. घाट उतरून आलं की कातकरीवाडी लागते. तिथे जागा रिकामी नाही, पोरं भरपूर आहेत.

कागदावर नाव येण्यासाठी मग माणसं काय करतात? तारीख बनवतात. खोटी नव्हे, कुठेतरी बसवलेली. तुम्ही शाळेचा दाखला समोर ठेवला असेल तर त्यावर १ जून आहे का बघा. महाराष्ट्रात पिढ्यांमागून पिढ्या १ जूनला जन्मल्या, कारण शाळा जूनमध्ये सुरू व्हायची आणि गुरुजींना सहा वर्षं पूर्ण दाखवायची असत. म्हणून ३१ मेला सरकारी कचेऱ्यांत निवृत्तीच्या हारांची रांग लागते. आधार आल्यावर दुसरी तारीख आली. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात दिलं गेलं. त्यानंतर ज्यांना फक्त अंदाजे वय सांगता आलं त्यांतले कितीतरी १ जानेवारीचे झाले. शाळेत गेलेला जूनचा आणि न गेलेला जानेवारीचा. एकाच खोपटातले दोघं भाऊ.

मला त्या गुरुजींचा राग येत नाही. त्यांनी आलेल्या पोराला परत पाठवलं नाही. कुठलातरी दिवस लिहिला आणि बाकावर बसवलं. आज तेही अवघड झालं आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलासाठी शाळाप्रवेश, मतदारयादी, विवाहनोंदणी, सरकारी नोकरी, सगळीकडे जन्मदाखला हाच जन्माचा पुरावा. म्हणजे त्या तारखेनंतर भट्टीवर जन्मलेल्या मुलाला १ जूनची मायाही उरलेली नाही.

जातीच्या दाखल्याची गोष्ट वेगळी आणि लांब आहे, तिच्यात आज शिरत नाही. एवढंच ध्यानात घ्या की अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा विचारतात. तो बहुतेकदा आज्याच्या नावाने तहसीलच्या अभिलेख कक्षात, कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जुन्या जन्ममृत्यूच्या वहीत शोधायचा. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला हीच पुस्तकं उघडली गेली, तेव्हा मोडी वाचणारे गोळा करावे लागले होते. जंगलात काथ उकळणाऱ्या आज्याकडे कोतवाल पोचला होता की नाही, यावर आज नातवाचं वसतिगृह अवलंबून आहे. नोव्हेंबर २०२३ पासून विशेष असुरक्षित जमातींसाठीच्या पीएम-जनमन योजनेत पाड्यावर शिबिरं लावून आधार आणि जातीचे दाखले देणं सुरू झालं. हे चांगलं झालं. फक्त शिबिर पौषात लागलं तर वाडी रिकामी असते.

आता शेवटचं एक पान. माझ्यासारख्या माणसाला कायदा वाचायची सवय नाही, पण हा १९६९ चा कायदा एकदा सावकाश वाचून पाहा. त्यात माणुसकी आहे. चालत्या गाडीत मूल जन्मलं तर गाडी पहिल्यांदा जिथे थांबेल तिथे खबर द्यायची, हे नियमात लिहिलेलं आहे. गाडी चालवणाऱ्याने द्यायची, बाळंतिणीने नव्हे. धर्मशाळेत जन्मलं तर धर्मशाळेच्या व्यवस्थापकाने. तुरुंगात जन्मलं तर जेलरने. आणि नवव्या कलमात मळे आहेत : चार हेक्टरांहून कमी नाही अशी जमीन, चहा, कॉफी, मिरी, रबर, वेलदोडा, सिंकोना. तिथे मजुराला मूल झालं तर खबर देण्याची जबाबदारी मळ्याच्या व्यवस्थापकावर. कुणीतरी कायदा लिहिताना आसामच्या मळ्यातली बाळंतीण डोळ्यांसमोर आणली होती.

वीट त्या यादीत नाही. कलमात राज्य सरकारला आणखी उत्पादनांची भर घालायची मुभा आहे, पण वीट हे मळ्यातलं उत्पादन नव्हे. भट्टीमालक हजेरी ठेवतो, उचलीचा हिशेब ठेवतो, कुणाच्या जोडीने किती हजार विटा पाडल्या ते रोज लिहितो. त्याच वहीत जन्माची एक ओळ लिहायला आणि ती ग्रामपंचायतीत पोचवायला त्याला कायद्याने बांधून घ्यावं. शिबिरं हवीतच, पण ती मागाहून धावतात. माझं मत विचाराल तर ही एक दुरुस्ती दहा शिबिरांच्या तोडीची होईल.

तोवर ती ओळ आपल्याकडे आहे. तळहात पुन्हा समोर आणा. भट्टीच्या बाजूने रोज जाणारे तुम्ही असाल. भट्टीमालकाचे शेजारी असाल. तिथे माती पोचवणारे, किराणा देणारे असाल. ग्रामपंचायतीत बसणारे असाल. पौष-माघात एखाद्या खोपटावर ओली धुडकी वाळताना दिसली, आतून बारीक रडू ऐकू आलं, तर थांबा आणि विचारा, केव्हा झालं?

सहाव्या रात्री सटवाईची पूजा होते. त्यानंतर पंधरा दिवस हातात राहतात. बाळाचं नाव ठरलं नसलं तरी चालतं, ते नंतर बारा महिन्यांत फुकट घालता येतं. बापाला गाडीवर मागे बसवा आणि भट्टी ज्या हद्दीत आहे त्या ग्रामपंचायतीत घेऊन जा. २१ दिवसांच्या आत नोंदीला पैसे लागत नाहीत, पहिला उताराही मोफत मिळतो.